दुधातली तबकडी

जुन्या वस्तू पारखणाऱ्याच्या दुकानात रांग होती. शिंपीणबाई मांडीवर बंद पडलेलं घड्याळ घेऊन बसल्या होत्या, पण कान पुढच्या भावाबहिणीकडे लागले होते. पारखी त्यांची जाड काचेची तबकडी उलटसुलट करून बघत होता.

"आईच्या स्वयंपाकघरात सापडली. मी म्हणतो, ॲशट्रे."

"दादा, आपल्या घरात बिडी तरी कुणी ओढली का?"

"भांडू नका. ही दुधाच्या पातेल्यात तळाशी ठेवायची. दूध वर यायला लागलं की खडखडते. मग उतू जायच्या आत धावायचं."

"अगंबाई! आणि किंमत?"

"कडेचा टवका उडालाय. दोघं हॉटेलात पोटभर जेवाल, एवढीच."

"घ्या! एवढ्यासाठी सकाळपासून ताटकळलो! देऊन टाक गं इथेच."

"थांब रे. आईला तर जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मग ही वाजायची कुणासाठी?"

"मला काय विचारतेस? आपण तर अर्धवट झोपेत असायचो."

"पण दूध उतू गेलेलं एकदा तरी आठवतंय तुला?"

"नाही बुवा."

"मग बाबा उठत असतील."

"बाबा? ते बाहेरच्या खोलीत पेपरात डोकं खुपसून बसायचे. घरात इकडची काडी तिकडे केली नाही कधी."

"रोज सकाळी एकदा आत जायचे की. पाणी प्यायला."

"हो, ते जायचे खरे. पाणी प्यायला..."

"काय झालं, दादा?"

"अगं, पाण्याचा जग तर त्यांच्या खुर्चीशेजारीच भरून ठेवलेला असायचा."