सरलानं घेतला साहेबाचा इंटरव्यू

अरे, चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. प्रतापनगरला गरीब पोरांना इंटरव्यू द्यायला शिकवायचा क्लास होता, मी तिथला पट्टेवाला. ग्रांट चालू ठेवायची का बंद करायची, ते बघायला साहेब येणार होता. मी आपलं क्लासातल्या सरलाच्या कानात सोडून दिलं, "आज प्रॅक्टिसला नवा उमेदवार येतोय. तू शेठाणी हो, घे त्याचा इंटरव्यू."

साहेब दारात आला.

सरला खुर्ची दाखवत म्हणाली, "बेसो. काम काय येतं?"

साहेब गडबडला. "मी... चेकिंग करतो."

"ते झालं हो. पण काम काय येतं?"

पोरं खिदळली. आमच्या मास्तरीणबाई पांढऱ्याफटक.

साहेब घाम पुसत म्हणाला, "बेन, ग्रांट देतो. आता उठू का?"