बिहोगोची मैत्रीण

युगांडातल्या म्बराराच्या दूध केंद्रावर रांगेत माझ्यापुढे दोन होणारे व्याही उभे होते. मुलीच्या बापाला रीतीप्रमाणे गाई मिळायच्या होत्या. मुलाचा बाप कातुरेबे म्हणाला,

"व्याही, बिहोगो गाय देता येणार नाही."

"शब्द दिलाय तुम्ही!"

"विद्यापीठातली मुलगी आलीय गाईंच्या अभ्यासाला. तिनं एका फाटकामागे गवत ठेवलं, दुसऱ्यामागे आमची दुसरी गाय, गाजू. भुकेली बिहोगो सलग तीन दिवस गाजूकडेच गेली."

"गवत सोडून? अजबच!"

"मैत्रिणी आहेत. ताटातूट केली तर झुरतील, म्हणते ती."

"मग दोघी द्या की!"

"आणि आम्ही दूध कुणाचं प्यायचं?"

"बरं, जिला मैत्रीण नाही ती द्या."

"तशी एकच आहे. दिसेल त्याला शिंगावर घेते."

"व्याही, प्रयोग पुन्हा करायला सांगा. आणि या वेळी गवत जरा जास्त ठेवा म्हणावं."