बस्त्याव अंकलची वीस मिनिटं

नाताळाआधी चर्चमध्ये कुमसाराची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची रांग होती. माझ्या पुढे एक नवराबायको कुजबुजत होते.

"बस्त्याव अंकल आत जाऊन किती वेळ झाला, डेरिक?"

"वीस मिनिटं."

"आणि गाडी विकायला काढली तेव्हा आपल्याला म्हणाले, इंजिन कधी खोललेलंच नाही!"

"अगं प्रिसिला, दुसरी पापं नसतील का त्यांची?"

"सत्तरीचा माणूस, दिवसभर केळीच्या वाडीत. वीस मिनिटांची पापं करायला वेळ कुठे? नालासोपाऱ्यात पाणी भरलं तेव्हा गाडी बुडालीच असणार."

"मेकॅनिकला दाखवू या ना."

"मेकॅनिक त्यांचाच भाचा. आता फादर प्रायश्चित्त किती देतात ते बघ. तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणून उठले, तर गाडी घ्यायची."

"आले बाहेर. गुडघे टेकले... खिशातून रोजरीची माळ काढली गं!"

"अख्खी रोजरी? पन्नासच्या वर 'नमो मरिया'! म्हणजे इंजिन कामातून गेलंय. नको ती गाडी."

"आणि आपली स्कूटर ते घेतायत, तिचं काय?"

"ती घेऊ देत की. जा, तुझा नंबर आला. आत स्कूटरचं सगळं सांगत बसू नकोस, दोन मिनिटांत बाहेर ये. अंकल घड्याळ लावून बसलेत."