तबकडी ठरेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वैमानिक शाळेचे विश्वस्त, प्रमुख पाहुणे, जे एकेकाळी सरांच्या हाताखाली धडपडत शिकले आणि आज शेकडो माणसं घेऊन समुद्र ओलांडतात, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, आणि व्यासपीठावरची ती मधली रिकामी खुर्ची. सर्वांना माझा नमस्कार.

मी या शाळेची उपमुख्य प्रशिक्षक. उद्यापासून सरांच्या जागी मुख्य, आणि आज वक्ता. यातलं कुठलंही काम मी मागून घेतलेलं नाही. एरवी मला 'आवरा आता' म्हणून चिठ्ठ्या पाठवणारे आपले अध्यक्ष आज स्वतः कानाशी येऊन म्हणाले, "बाई, सर येईपर्यंत बोलत राहा." तेव्हा आज मला पूर्ण मोकळीक आहे, आणि तुमची सुटका नाही.

ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी जमायचं तेच गैरहजर, असा समारंभ मीही पहिल्यांदाच पाहते आहे. सर कुठे आहेत? सर आकाशात आहेत. मागच्या रांगेतल्या मंडळींनी दचकू नये, मी विमानाबद्दल बोलते आहे. आपलं जुनं दोन आसनी विमान, म्हणजे आपल्या सगळ्यांची म्हातारी, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी दक्षिणेकडच्या धावपट्टीवर गेली होती. सर म्हणाले, "तिला मी घरी आणतो. तोच माझा निरोप. बाकी तुमची भाषणं." आज सकाळी शाळेच्या गाडीतून गेले, दुपारनंतर तिथून निघाले. समारंभाआधी पोचायचे होते. आता उशीर का झाला आहे, हे माझ्यापेक्षा त्या खिडकीबाहेरचं धुरकं तुम्हाला जास्त स्पष्ट सांगत असेल.

तर सरांविषयी. मुलं त्यांना पाठीमागे थांबसर म्हणतात. त्यांना वाटतं सरांना माहीत नाही. विमान वळलं, होकायंत्राची तबकडी हलायला लागली, विद्यार्थी घाईघाईने काहीतरी करायला गेला, की शेजारून एकच शब्द येतो. "थांब." आवाज चढवून नाही. दारात आलेल्या पाहुण्याला चपला काढायला सांगावं, इतक्या साधेपणाने.

इथे बसलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी होकायंत्र फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलं असेल, म्हणून थोडं सांगते. आमच्या विमानात समोर काचेमागे एका द्रवात तरंगणारी लहानशी तबकडी असते. तिला वीज लागत नाही, काही लागत नाही. तिच्यातल्या चुंबकाला उत्तरेची ओढ असते. पण एवढ्यावर भागलं असतं तर आम्हाला पगार कोणी दिला असता? त्या चुंबकाला दुसरीही एक ओढ असते, खाली, जमिनीच्या पोटात जाण्याची. विमान सरळ चाललेलं असतं तोवर तबकडीचं वजन तिला आडवं धरून ठेवतं. विमान वळताना कललं की ती पकड सुटते, आणि तबकडी मनाला येईल ते दाखवते.

माझाच धडा सांगते. सरांनी बाकीच्या तबकड्यांवर कागद चिकटवले आणि म्हणाले, "आता आपण उत्तरेला आहोत. उजवीकडे वळ." मी वळले. तर होकायंत्र म्हणतं, तू डावीकडे चालली आहेस! मी म्हटलं, हात चुकला वाटतं, म्हणून आणखी उजवीकडे दाबलं. पुढे ती तबकडी अशी काही धावली, की मी घाबरून उलट वळवलं. सर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. म्हणाले, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "पूर्वेला, सर." म्हणाले, "पूर्वेला कोणी राहत असेल तर त्यांना कळवून ठेव, आज जमत नाही म्हणून."

मग त्यांनी शिकवलं. वळताना होकायंत्राला काही विचारू नका. पंख ठरावीक कलाने झुकवा, आणि मोठ्याने मोजा. एकशे एक, एकशे दोन. तेवढ्या कलात एका मिनिटात विमान बरोबर उलट दिशेला तोंड फिरवतं. मग पंख सरळ करा. आणि मग थांबा. तबकडी ठरू द्या, आणि नंतरच तिला विचारा. या सभागृहातला प्रत्येक वैमानिक आजही वळताना मनात मोजतो. प्रमुख पाहुणे हसताहेत, म्हणजे तेही मोजतात.

आता जे सांगायला नको असं अध्यक्षांना वाटतं, ते मी सांगणार आहे. काकूंची परवानगी घेतली आहे. काकूच म्हणाल्या, "लपवलंत तर लोक वाईट तेच धरून बसतील."

सरांचा शेवटचा निरोप आपल्या मनोऱ्यावर आला तो असा. "म्हातारीची बॅटरी चालली. होकायंत्र आहे. माझ्यासाठी समारंभ अडवू नका." त्यानंतर रेडिओ गप्प आहे. इंजिनाला बॅटरी लागत नाही, ते चालूच राहतं, तेव्हा त्याची काळजी नको. पण नकाशा दाखवणारा पडदा गेला. दिशा दाखवणारी दुसरी एक तबकडी आहे, पण ती हळूहळू सरकते, तिला अधूनमधून होकायंत्र बघूनच लावावं लागतं. थोडक्यात, या घडीला सरांचा सगळा भरवसा त्या एका काचेवर आहे. आणि आपल्या पूर्वेला टेकड्या आहेत.

काकू, तुम्ही मान हलवताय, मला दिसतंय. मघाशी मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अगं, हा माणूस बाजारात दोन गल्ल्या चुकतो. भाजी घेऊन दुसऱ्याच्याच जिन्यात चढतो. पण वर गेला की नाही चुकत." काकू, आम्हीही तेच म्हणतोय. तेच धरून बसलोय.

आणि मोबाइल? तो काकूंच्या पर्समध्ये आहे, सकाळी निघतानाच देऊन गेले. सरांचा हा नियम नव्या मुलांना विचित्र वाटतो. विमानात चढण्याआधी खिशातला मोबाइल खाली द्यायचा. किल्ल्या, कात्री, लोखंडी पट्टीचा चष्म्याचा डबासुद्धा मागच्या कप्प्यात. का? कारण होकायंत्र कधी खोटं बोलत नाही, सर म्हणतात, ते फक्त जवळच्याचं ऐकतं. पृथ्वीचं चुंबक कितीही मोठं असलं तरी लांब आहे. तुमच्या खिशातलं लहान असलं, तरी शेजारी आहे.

आता मानपत्राऐवजी आपण सरांना जी भेट देणार आहोत, ती दाखवते. हे म्हातारीचं पहिलं होकायंत्र. गळायला लागलं म्हणून काढलं होतं, आपल्या मेकॅनिकने पुन्हा द्रव भरून लाकडी बैठकीवर बसवलं. बघा, किती छान जमलंय. ते दार उत्तरेला आहे. मी हे हातात घेते, दाराकडे तोंड करते, आणि...

हसा, हसा. माझ्याकडे वळलं! दाराकडे बघायचं सोडून माझ्या छातीकडे बघतंय. एवढी ओढ माझ्याविषयी आजवर कोणी दाखवली नव्हती.

हा बिल्ला. माझ्या नावाचा हा बिल्ला आहे ना, त्याला बघतंय ते. आज व्यासपीठावर आम्हा सगळ्यांना मुलांनी लावले आहेत. साड्यांना, शर्टांना भोक पडू नये म्हणून टाचणी नाही, मागे चुंबक आहे. फार सोय. मी काढून लांब ठेवते. हं. आता थांबा. ठरू द्या. गेलं दाराकडे.

काय झालं? तू का उभी राहिलीस? बस ना. पाणी हवंय का? काय म्हणालीस? मोठ्याने बोल, बाळा. माइक द्या तिला. नको? बरं, मीच सांगते.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. ही आपली यंदाची विद्यार्थिनी, समारंभाची सगळी धावपळ हिने केली. सकाळी सरांसोबत गाडीतून गेली होती, म्हातारीला सजवायला. ती म्हणते, विमानातही तसाच बिल्ला लावलाय. मोठा. 'सर, घरी या' असं लिहिलेला. होकायंत्राच्या अगदी शेजारी, समोरच्या फळीवरच्या चामड्याच्या कडेला.

सरांनी पाहिला? पाहिला, म्हणते. काय म्हणाले? त्यांनी एवढंच विचारलं, "भोक पाडलं नाहीस ना माझ्या म्हातारीला?" ही म्हणाली, "नाही सर, भोक नाही पाडलं." सर हसले. म्हणाले, "राहू दे मग." या माणसाने जन्मभर सगळ्यांना थांब म्हटलं, आणि आज एकदाच म्हटलं नाही. पोरांनी प्रेमाने लावलंय, काढायचं कसं, असं वाटलं असणार.

रडू नकोस. रडायचं नाही आत्ता. मला विचार करू दे.

निघण्याआधी धावपट्टीवर होकायंत्र पडताळलं असणार, सर ते कधी चुकवत नाहीत. पण तिथली धावपट्टी पूर्व-पश्चिम. हा बिल्ला तबकडीच्या बाजूला, म्हणजे त्याची ओढ आडवी. पूर्वेला तोंड असताना ती ओढ उत्तरेच्या रेषेतच पडते, काहीच फरक दिसत नाही. सगळं ठीक वाटतं. घराकडे, उत्तरेला वळलं की मग ती तबकडीला बाजूला खेचते. जसजसं घरच्या दिशेला यावं, तसतसं जास्त. मला भीती वाटते आहे, आणि ती लपवण्यात आता काही अर्थ नाही.

सर काय करतील? होकायंत्राचा संशय आला तर विमानाबाहेरचं काहीतरी विचारा, हे त्यांचंच शिकवणं. या वेळी उत्तरेला येताना सूर्य डाव्या हाताला हवा. धुरक्यातही लाल डाग दिसतो. पण खिडकीजवळच्यांनी सांगा, आहे का डाग? नाही. मावळला.

मग आता आपणच त्यांच्यासाठी बाहेरचं काहीतरी होऊ या. आपल्या धावपट्टीला दिवे नाहीत. धुरक्यात समोरचं दिसत नाही, पण सरळ खालचं दिसतं. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी आत्ता उठा. प्रमुख पाहुणे, तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला धावपट्टी पाठ आहे. दोन्ही कडांना गाड्या लावा, तोंडं आत, मोठे दिवे चालू. मध्ये कोणी येऊ नका. पळा. काकू, तुम्ही दाराशी उभ्या राहिलात तरी चालेल. बाळा, तू काकूंचा हात धर.

बाकीच्यांनी बसून राहा. खुर्च्यांचा आवाज नको, मला ऐकायचंय. मी मात्र हळू आवाजात बोलत राहते, नुसतं बसून राहणं मला जमणार नाही. अध्यक्षमहोदय, आपण वेळ दिलात, आभार. फुलं आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, माइक सांभाळणाऱ्याचे आभार. मेकॅनिक, तुमचे आभार कसे...

थांबा.

इंजिन. म्हातारीचंच. खोकते आहे, ऐका. दक्षिणेकडून. आपल्याच डोक्यावर येतेय. गाड्या लागल्या का? लागल्या? दिवे? आली. आपल्यावरून गेली.

पुढे जातेय. पूर्वेकडे. टेकड्यांकडे जातेय. सर, वळा. सर, आज आमचं ऐकू नका, आम्ही फार जवळ आलोत. काढा तो बिल्ला आणि खाली दिवे बघा.

आवाज बदलला? बदलला ना? कललीय. वळताहेत. मोजा सगळ्यांनी. मनात नको, मोठ्याने. एकशे एक. एकशे दोन. मोजा, सरही मोजत असतील. पालकांनीही मोजा, काही अवघड नाही.

मोजत राहा. मी मध्येच बोलते, माफ करा.

आता पंख सरळ. हं. आता कोणी बोलू नका. तबकडी ठरू द्या.

काकू, तुम्ही दाराशी आहात, तुम्हाला नीट ऐकू येईल. आवाज लहान होतोय की मोठा?

काकू?

मोठा होतोय म्हणतात. मोठा होतोय!

माझं भाषण इथे संपलं. घाबरून काही उणं-अधिक बोलले असेन, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ती खुर्ची पुसून घ्या. आणि सर जिना चढून वर येण्याआधी, सगळ्यांनी छातीवरचे बिल्ले काढून ठेवा.