आपापलं सामान

दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. गाल नवऱ्याचा सुजला होता.

“ऑफिसातून परत फोन? झालंय तरी काय?” बायकोने विचारलं.

“आमच्या ऑफिसातल्या सामाईक लिनक्स कॉम्प्युटरवर एका ओळीत सांगून ठेवता येतं, की नवं सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं. मी माझ्या फोल्डरचा पत्ता दिला.”

“मग?”

“ती ओळ माझ्यापुरती लिहायची होती, ती मी सगळ्यांना लागू होणाऱ्या फाईलमध्ये लिहिली. आता कुणीही काहीही बसवलं, की ते माझ्याकडे येऊन पडतं. पाय ठेवायला जागा नाही.”

“कुलूप नव्हतं लावलं?”

“आपलीच माणसं म्हणून नाही लावलं.”

“हो ना. आपल्या हॉलमध्येही तुमच्या दादांचं कपाट, वहिनींचं शिलाई मशीन, परवा ती मोडकी सायकल. आपलीच माणसं.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. फोल्डर कसं आवरणार?”

“सोपं आहे. ती ओळ पुसायची आणि सगळ्यांना तोंडावर सांगायचं, आपापलं सामान उचला.”

“हा घ्या फोन. दादांनाच लावलाय. अगदी हेच शब्द वापरा.”

“अगं, दाढ इतकी ठणकतेय, तोंडच उघडत नाही.”