जीप जशी होती तशी

…आणि वर मलाच विचारतो, "आई, सीट तरी गुबगुबीत करू या ना?" गुबगुबीत! अरे, ही लष्कराची जीप आहे की नवरीची खोली? जावई म्हणून गप्प बसले, नाहीतर पान्हाच फेकून मारला असता! तुम्हाला सांगते, तीन वर्षं माझ्या गॅरेजात हेच चाललंय. त्याला पॉवर स्टिअरिंग पाहिजे, गाणी वाजवायला डबडं पाहिजे, मागचं बघायला कॅमेरा पाहिजे... मागचं कशाला? पुढचं दिसत नाही धड! मी बजावलं, जावईबापू, यात टाचणीसुद्धा नवी जाणार नाही. गाडी जशी होती तशी पाहिजे!

पण हे वेड मला एकटीला असतं तर! जुन्या लष्करी गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे एक परीक्षक येतो, भिंगवाला म्हणतात त्याला. गाडीखाली सरपटत जातो आणि तिथून ओरडतो, "आजी, बोल्टाचं डोकं षटकोनी आहे, कारखान्यातून चौकोनी यायचं! दोन गुण वजा!" अरे मेल्या, गाडी डोंगरात धावायची तेव्हा बोल्टाची डोकी कोण मोजत होतं? पुढच्या वर्षी रंग. हिरवा म्हणे जरा जास्तच हिरवा! मी काय कच्ची? शाळा चौथीत सुटली, पण इंजिन, पत्रा, वेल्डिंग सगळं हात भाजून शिकले. बसले कारखान्याचं जुनं पुस्तक घेऊन. त्यात आहे ते ठेवलं, नाही ते उडवलं. जशी होती तशी!

आता ड्रायव्हरच्या मागे एक लोखंडी दांडा डकवलेला होता. वेडावाकडा, टोकाला आकडा, आणि वेल्डिंग असं की कोंबडीने शिटलंय! पुस्तकात दांडा नाही. म्हटलं, कुणातरी गाढवाचं काम. घेतला ग्राइंडर, कापला, घासला, रंग मारला, दांडा भंगारात. आणि यंदा? पहिला नंबर! 'अस्सल' म्हणून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र! जावई टाळ्या वाजवतोय, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. गाडीचा नंबर वाचला, बॉनेटवरून हात फिरवला, मग मागे जाऊन हवेतच चाचपायला लागला. मी खेकसले, "काय शोधताय?"

"दांडा होता इथे."

"होता. कुण्या गाढवाने लावलेला. काढला मी."

म्हातारा म्हणाला, "ते गाढव मीच."

लढाईत हा याच जीपचा ड्रायव्हर. मागे जखमींना झोपवून आणायचा. सलाईनची बाटली कुणीतरी हातात उंच धरायची. वाट लांब, हात भरून यायचा, बाटली खाली यायची. एकजण वाटेतच गेला. त्याच दिवशी याने मोडक्या खाटेचा पाय कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा वेल्डिंग केलं. "त्यानंतर अकराजण आणले, बाई. अकराच्या अकरा जिवंत पोचले."

जशी होती तशी म्हणे! कधी होती तशी? कारखान्याच्या दारातून निघाली तशी, की अकराजणांना घेऊन आली तशी? भिंगवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "दांडा परत लावलात तर तो बदल ठरेल आजी, प्रमाणपत्र रद्द." तिथल्या तिथे फाडून दिलं त्याच्या हातात! पण त्याच्यावर किती ओरडणार? ग्राइंडर त्याच्या हातात होता का? माझ्या होता हो, माझ्या! रागाने नुसती लाही होते अंगाची...

आता म्हातारा रोज येऊन स्टुलावर बसतो. मी खाटेचा पाय मिळवला, कापला, डकवला. हा मान तिरकी करून बघतो, "छान आहे बाई... पण तो नव्हे. फार सुबक आलाय." कापला. पुन्हा डकवला. पुन्हा सुबक! डोळे मिटून केला, डाव्या हाताने केला, तरी मेला रेघेसारखा सरळ! पाच वेळा झालं. आणि त्याच्या हातात आता चहाचा कप ठरत नाही, तो काय दांडा लावणार! तेव्हा आता तुम्हालाच विचारते... लाजू नका, खरं सांगा, तुमच्यात कुणाला वाईट वेल्डिंग येतं का हो?