कडी लावा, बाबा!

...आणि वर मलाच विचारतात, "आपण कोण?" माझ्याच घराच्या दारात, मला, माझे सख्खे वडील! हसू नका हो, तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमच्या वसाहतीत दीड महिन्यात चार चोऱ्या. चारही भर दुपारी, चारही घरांत म्हातारं माणूस एकटं, आणि चोर येतो कसा? 'मीटर बघायचाय' म्हणत! मागच्या गल्लीतल्या मावशींना तर ढकलूनच दिलं, हात मोडला बिचारीचा. मग काळजी घ्यायला नको का? आमचे बाबा दिवसभर एकटे. मी दाराला तीन कड्या बसवल्या, वर साखळी, खिडक्यांना जाळ्या, आणि रोज घोकून घेतलं, "बाबा, कोणालाही उघडायचं नाही. तुमचा मुलगा आहे म्हणाला तरी नाही, चोर आवाजसुद्धा काढतात!" ऑफिसातून तासातासाला फोन. "कडी लावलीत?" "लावली." ठेवला फोन. काळजी घ्यायला नको का?

तर परवा दुपारी फोन उचलेनात. एकदा, दोनदा, नऊ वेळा! डोळ्यांसमोर सारखा त्या मावशींचा हात... साहेबांना न सांगता जो सुटलो तो थेट घरी, आणि बघतो तर काय, स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर! किल्ली होती हो खिशात, पण आतून तीन कड्या! खिडकीतून शिरावं तर जाळी! कोणी बसवली? मीच!

"बाबा, कडी काढा!"

"आपण कोण?"

"अहो मी! तुमचा मुलगा!"

"त्यानं सांगून ठेवलंय, असं म्हणणारा चोर असतो."

"अहो, आवाज तरी ओळखा!"

"आवाजाचंही सांगून ठेवलंय."

"बाबा, गॅसवर काहीतरी जळतंय! धूर येतोय! कडी काढा!"

"हो का? म्हणजे मी गॅसकडे वळलो की तू दार फोडायला मोकळा!"

मी दार बडवतोय, खोकतोय, अक्षरशः रडकुंडीला आलोय, आणि शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणतात, "भाऊजी, जरा हळू... कोणी बघितलं तर चोर समजेल." आतून बाबांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली आणि मी खांद्यानंच दार ढकलायला लागलो.

तेवढ्यात मागून एक जण आला. खांद्याला बॅग, हातात वही. मीटरवाला! मी त्याची कॉलर धरणार, तर हा पठ्ठ्या दाराशी वाकून नुसतं विचारतो, "आजोबा, जेवलात का?"

खट. खट. खट. साखळीसुद्धा!

मी आत धावलो, गॅस बंद केला. दुधाचं पातेलं काळं ठिक्कर. फोन उशीखाली, आणि हे दूध तापत ठेवून दारामागे खुर्ची टाकून पहाऱ्यावर! पण धडधाकट होते. जीव भांड्यात पडला आणि मग जो संताप आला! "बाबा, ह्याला उघडलंत? ओळख ना पाळख? आणि मला नाही?"

बाबा त्याला खुर्ची देत म्हणाले, "अरे, तू 'कडी काढा' म्हणत होतास. माझा मुलगा 'कडी लावा' म्हणतो. दुसरं काहीच बोलत नाही तो."

काळजी घ्यायला नको का, म्हणायला तोंड उघडलं... आणि काळं पातेलं घासायला घेतलं. मीटरवाला खरा निघाला, हे नशीब आमचं.

तेव्हापासून फोन केला की आधी विचारतो, "बाबा, जेवलात का?"

पलीकडून हळूच, "का रे? काय काम काढलंस?"

आता बोला!